बोलंल का हो ह्ये?

आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ अधूनमधून येतोच. लांडग्यांनी वाढवलेला मुलगा, चार पायांवर चालतो, कच्चं मांस खातो, माणसात आणला तरी शेवटपर्यंत बोलला नाही, मागे ढॅणढॅण म्युझिक. आणि मी मूकबधिर शाळेत विशेष शिक्षक आहे हे सगळ्यांना माहिती असल्यामुळे कुणीतरी विचारतंच, सर तुमचं मत काय यावर. तर एकदाचं सविस्तर लिहूनच टाकतो, कारण मत आहे आणि ते दोन ओळीत मावणारं नाही.

आधी लांडग्याचं बघू. आमचं गाव बालाघाटाच्या माळावर, तिकडं लांडगा काही गोष्टीतला प्राणी नाही, उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्यांच्या मागं असतोच. गावातल्या एका म्हाताऱ्या धनगराला मी हा व्हिडिओ दाखवला तर बाबा पोट धरून हसले. म्हणले, आरं, ते कोकरू दिसलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत नेतंय, ते माणसाचं लेकरू पाळील व्हय? आन् पाळलं म्हण, तर त्याची पिल्लं दोन म्हैन्यात दूध सोडत्यात, माणसाचं लेकरू तवर मान बी धरत नसतंय, मग त्येला पाजायचं कुणी? आता यावर मी काय बोलणार, जीवशास्त्राची पुस्तकं सुद्धा हेच सांगतात.

म्हणजे गोष्टी सगळ्या खोट्या असं नाही. १८६७ साली उत्तरेत बुलंदशहरकडं शिकाऱ्यांना खरंच एक पोरगं सापडलं, आग्र्याजवळ सिकंदऱ्याच्या मिशनच्या अनाथाश्रमात नेलं, शनिवारी आलं म्हणून नाव शनिचर. ते १८९५ पर्यंत जगलं आणि बोललं नाही ते नाहीच, तंबाखू ओढायला मात्र शिकलं (संगतीनं माणूस काय शिकतो बघा). मग १९२० साली मिदनापूरच्या त्या दोन मुली, अमला आणि कमला, एका पाद्र्यानं सांभाळल्या आणि त्यांची डायरी लिहिली, ती डी.एड.च्या मानसशास्त्राच्या गाईडात आम्ही सगळ्यांनी घोकली. पुढं त्या डायरीवर संशोधकांनी इतके प्रश्न उभे केले की आज तिच्यावर विश्वास ठेवणं अवघड आहे, पण गाईडवाल्यांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. १७२५ मध्ये जर्मनीत हॅमेलिनजवळ सापडलेला पीटर, त्याला तर इंग्लंडच्या राजानं दरबारात नेऊन ठेवला होता, तोही एक-दोन शब्दांपलीकडं बोलला नाही, आणि आता त्याची चित्रं बघून तज्ज्ञ म्हणतात की त्याला बहुतेक एक जन्मजात आजार होता. माझा अंदाज असाय की यातली बरीच लेकरं जंगलात गेली म्हणून मुकी झाली असं नाही, तर आधीच ऐकत-बोलत नव्हती म्हणून कुणीतरी जंगलाच्या कडेला सोडून दिली. हा अंदाज मी पुस्तकातून काढलेला नाही, आमच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये काही लेकरांच्या पालकांचा रकाना कसा भरलेला असतो ते मी बघतो त्यावरून काढलाय.

पण एका पोराबद्दल खरंच नीट लिहून ठेवलेलं आहे आणि त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय.

जानेवारी १८००, दक्षिण फ्रान्समधला अवेरों नावाचा डोंगराळ भाग. अकरा-बारा वर्षाचं एक पोरगं जंगलातून गावात आलं, अंगावर धड कपडा नाही, बोलणं नाही, गळ्यावर जुन्या जखमेचा आडवा व्रण. त्याला पॅरिसला नेलं, तिथं पिनेल नावाच्या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या वेड्यांच्या डॉक्टरनं बघून सांगितलं की हा जन्मजात मंद आहे, काही उपयोग नाही. पण मूकबधिरांच्या संस्थेतला इतार नावाचा एक तरणा डॉक्टर, वय पंचविशीच्या आसपास, तो म्हणाला मी प्रयत्न करतो. पोराला 'ओ' हा आवाज तेवढा कळतो असं दिसल्यावर त्याचं नाव व्हिक्टर ठेवलं, कारण फ्रेंचात त्या नावाच्या शेवटी ओ येतो. पाचेक वर्षं इतारनं त्याच्यावर मेहनत घेतली आणि १८०१ आणि १८०६ अशा दोन वेळा सविस्तर अहवाल लिहिले. विशेष शिक्षण शिकलेल्या कुणालाही विचारा, आमच्या धंद्याची सुरुवात तिथून.

आणि अहवाल वाचताना मजा ही येते की व्हिक्टर पहिल्या दिवसापासून बोलतोय! तोंडानं नाही, पण बोलतोय. त्याच्या पाठीमागं पिस्तूल उडवलं तर तो मान वळवायचा नाही, आणि कुणी हळूच अक्रोड फोडला की लगेच वळायचा, म्हणजे कान ठीक होते, काय ऐकायचं ते तो ठरवत होता. बघे यायचे त्याला बघायला आणि बसून राहायचे, कंटाळा आला की हा गडी त्यांची टोपी, हातमोजे आणि काठी आणून त्यांच्या हातात द्यायचा आणि दाराकडं ढकलायचा. मला हे जमलं पाहिजे असं कितीदा वाटतं, विशेषतः तपासणीला आलेले साहेब चहा संपला तरी उठत नाहीत तेव्हा. एकचाकी हातगाडीत बसून फिरायची हौस, तर कुणाचा तरी हात धरून गाडीपाशी न्यायचा, त्यांच्या हातात दांडे द्यायचा आणि स्वतः आत जाऊन बसायचा, ढकलणाऱ्याचं लक्ष नसलं की खाली उतरून परत दांडे हातात द्यायचा. दूध पाहिजे तर लाकडी वाटी पुढं. आंघोळीचं पाणी गार असलं की त्याला सांभाळणाऱ्या बाईचा हात धरून पाण्यात घालायचा, बघ तूच.

एकदा तर इतारनं मुद्दाम त्याला काही चूक नसताना शिक्षा केली, न्याय-अन्याय कळतो का बघायला, तर व्हिक्टर इतारच्या हाताला कडकडून चावला. इतार लिहितो की तो चावला याचा आनंद झाला. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो, आता वाटतं यापेक्षा स्पष्ट वाक्य कुठलं असतंय?

पण इतारला पाहिजे होतं तोंडचं बोलणं. तहान लागली की पाणी नाही द्यायचं, आधी शब्द म्हण. शेवटी एक शब्द आला, 'ले', म्हणजे दूध. आणि इतार नाराज, का, तर व्हिक्टर दूध मागायला तो शब्द वापरत नव्हता, दूध वाटीत पडल्यावर खुश होऊन म्हणायचा. हे त्यानं अपयशात जमा केलं! अहो, दीड वर्षाचं कुठलंही लेकरू काय करतं, भाकरी आली की 'पापा' म्हणून टाळ्या वाजवतं, आपण काय त्याला नापास करतो का. नंतर धातूची अक्षरं आणली, त्यातून दुधाची चार अक्षरं जुळवायला शिकवलं, आणि काही दिवसांनी हा पोरगा ओळखीच्या एका घरी जाताना ती चार अक्षरं खिशात घालून घेऊन गेला, कारण त्या घरी दूध मिळायचं. तिथं जाऊन टेबलावर मांडली. कुणी सांगितलं नव्हतं.

मग वस्तूंची नावं. 'पुस्तक' शिकवलं तर व्हिक्टरसाठी पुस्तक म्हणजे तेच एक पुस्तक, दुसरं आणून देईना, ते त्याच्या मते वेगळंच. हे आमच्या वर्गात इतकं घडतं की मला तारीख न बघता वाटलं कालचंच टाचण वाचतोय. चप्पलचं चित्र शिकवायचं तर एकाच कंपनीची निळी चप्पल कधीच ठेवायची नाही, फाटकी, नवी, बाटा, स्लीपर, बायकांची, सगळ्या मांडायच्या, नाहीतर पोरगं जन्मभर निळ्या चपलेलाच चप्पल म्हणंल.

आता जो भाग मला सहन होत नाही तो. व्हिक्टर राहत होता कुठं, मूकबधिर संस्थेत. अवतीभवती बहिरी पोरं दिवसभर हातानं बोलतायत, भांडतायत, चहाड्या सांगतायत. आणि व्हिक्टरला ती हाताची भाषा शिकवायचा प्रयत्न पाच वर्षात इतारनं केला नाही. त्याला ऐकू येतंय ना, मग बोललंच पाहिजे, हातवारे करायला मिळाले तर आळशी होईल. पुढं म्हातारपणाकडं झुकल्यावर त्याच इतारचं बहिऱ्यांच्या बाबतीत मत बदललं, हाताच्या भाषेची किंमत कळली, पण तोपर्यंत व्हिक्टरचं वय निघून गेलं होतं. चिडून एकदा त्यानं व्हिक्टरला वरच्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर धरलं होतं, ऐकत नाही म्हणून. हे पण त्यानंच लिहून ठेवलंय, लपवलं नाही, एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे.

आणि गंमत म्हणा का दैव म्हणा, त्याच संस्थेत तेव्हा झां मास्यू नावाचा एक मास्तर होता. जन्मापासून बहिरा. खेड्यातला, लहानपणी मेंढरं राखलेली, शाळेचं तोंड बघितलं ते तेरा-चौदाव्या वर्षी, म्हणजे जवळजवळ व्हिक्टरएवढ्याच वयात. आणि हा माणूस लिहायला-वाचायला शिकून त्याच संस्थेत शिक्षक झाला, पॅरिसभर नावाजला. फरक काय? तर मास्यूला पाच भावंडं होती, आणि पाचही बहिरी. घरात त्यांची आपसातली हाताची भाषा होती, अडाणी, घरगुती, पण भाषा होती. वाद घालायला, खोटं बोलायला, काल काय झालं ते सांगायला समोर कुणीतरी होतं. व्हिक्टरला जंगलात कुणी नव्हतं.

इथं मला आमची लेकरं दिसतात. बीड, धारूर, वडवणी, केज, आष्टी-पाटोदा, इकडून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात, नवराबायको मिळून एक कोयता, मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आधीच खर्च झालेली, आणि मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने साखर कारखान्याच्या गाडीतळावर कोपीत, म्हणजे झोपडीत. अशा घरात बहिरं लेकरू जन्मलं तर ते बहिरं आहे हे कळणार कधी? आधी म्हणतात बाप पण उशिरा बोललेला. मग म्हणतात जीभ जड आहे, कुणाकडून तरी जिभेखालची तार कापून आणतात. मग नवस. असं करत करत आठ-नऊ वर्षाचं झालं की कुणीतरी सांगतं अशी अशी शाळा आहे. त्या वयात ते आमच्याकडं येतं आणि सोबतच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला, गुर्जी, बोलंल का हो ह्ये?

असंच एक पोरगं, त्याला आजी घेऊन आलेली, मायबाप कर्नाटकात तोडीला. कुठल्यातरी शिबिरातला कागद सोबत, त्यावर भाषेच्या रकान्यात लिहिलेलं, 'नाही'. आजी ओशाळून सांगत होती, समदं समजतंय बगा त्येला, निस्तं येड्यागत हातवारे करतंय. मी म्हणलं आज्जी काय काय करतंय दाखवा की. आणि मग आजी आणि नातू सुरू झाले. एक हात उभा धरून त्याच्या टोकाला दुसऱ्या हाताची बोटं फिरवत वर नेली, म्हणजे धुराडं, म्हणजे कारखाना. दोन्ही हात डोक्यावर, मान ताठ, म्हणजे मोळी उचललेली, ही माय. मिशीला पीळ आणि मग अंगठ्यानं नोटा मोजल्या, हा मुकादम. मुकादमाचं नाव काढल्यावर पोरानं वर एक तोंड असं केलं की आजी खो खो हसायला लागली, काय केलं ते मी इथं लिहू शकत नाही. आता याला 'भाषा नाही' म्हणायचं? तिथं दोन माणसं बसून तिसऱ्याची चेष्टा करत होती!

आमच्या शाळांचाही इतिहास इतारसारखाच आहे, उगाच फ्रेंचांना कशाला नावं ठेवायची. १८८० साली इटलीत मिलानला शिक्षकांची परिषद भरली आणि ठराव झाला की बहिऱ्यांना तोंडी बोलूनच शिकवायचं, खुणा बंद. त्याचा शेक आपल्यापर्यंत आला. मी लागलो तेव्हा जुने सर वर्गात 'हात खाली!' म्हणून पट्टी आपटायचे. आरशासमोर बसवायचं, ओठापुढं कागदाची पट्टी धरायची, 'प' म्हणलं की पट्टी हलली पाहिजे, 'ब' म्हणलं की गळ्याला हात लावून थरथर बघायची. हे वाईट नाही बरं का, ज्यांना थोडंफार ऐकू येतं, कानाचं मशीन लवकर बसलंय, त्यांना याचा फायदा होतोच, आमची काही पोरं फोनवर बोलतात आज. पण ज्याला काहीच ऐकू येत नाही ते पोरगं वर्षभर 'प' ची पट्टी हलवत बसायचं आणि वर्ष संपल्यावर त्याच्याकडं काय असायचं, तर एक 'प'. आणि खरी भाषा ती पोरं रात्री होस्टेलात शिकायची, लाईट बंद झाल्यावर संडासच्या बल्बखाली उभं राहून मोठी पोरं लहानांना गोष्टी सांगायची, हातानं.

निकाराग्वा देशात तर हे सगळ्या जगानं बघितलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मनाग्वा शहरात बहिऱ्या मुलांची शाळा मोठी झाली, वर्गात तोंडी बोलणं, आणि मैदानात आणि स्कूलबसमध्ये पोरांनी आपापल्या घरच्या खुणा एकमेकात मिसळून स्वतःची भाषा तयार केली. शिक्षकांना कळेना पोरं काय बोलतायत. पुढं आलेल्या लहान पोरांनी तिला व्याकरण आणलं. भाषाशास्त्रज्ञ अजून तिचा अभ्यास करतायत. कुणीही शिकवलेली नाही.

उलटं बघायचं तर अकबर बादशहा. त्यानं तान्ही लेकरं एका महालात ठेवली, समोर कुणी अवाक्षर बोलायचं नाही असा हुकूम, बघायचं होतं की न शिकवता माणूस कुठली भाषा बोलतो. १५८२ मध्ये तो स्वतः तिथं गेला, आतून एक शब्द आला नाही. त्या जागेचं नावच गुंग महल पडलं. आणि आपल्या काळातली, १९७० साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला सापडलेली तेरा वर्षाची मुलगी, अभ्यासकांनी तिला जीनी हे टोपणनाव दिलं, बापानं लहानपणापासून खोलीत कोंडून बांधून ठेवलेली. शब्द भराभर शिकली, पण शब्दाला शब्द जोडून नीट वाक्य करणं तिला कधी जमलं नाही. लेनेबर्ग नावाच्या शास्त्रज्ञानं १९६७ मध्येच मांडलं होतं की भाषा शिकायचं एक वय असतं, वयात येईपर्यंतच ते दार उघडं असतं. नेमकं कधी बंद होतं यावर वाद आहेत, पण आमच्यासारख्यांना वाद घालायची गरज नाही, तीन वर्षाचं आलेलं पोरगं आणि दहा वर्षाचं आलेलं पोरगं यातला फरक आम्ही रोज बघतो.

म्हणून माझं मत विचारताय तर हे घ्या. 'जंगलातलं पोरगं बोललं का नाही' हा प्रश्न मला अर्धाच वाटतो. त्याच्याशी बोलायला कुणी गेलं का, आणि गेलं ते त्याच्या बाजूला किती पावलं गेलं, हे पण विचारा ना. व्हिक्टरच्या बाबतीत जे माणूस गेलं ते इतार नव्हेच, ती मादाम गेरां, त्याला सांभाळणारी बाई. इतारनं प्रयोग सोडल्यावरही व्हिक्टर तिच्याकडंच राहिला, १८२८ ला मरेपर्यंत. तिचा नवरा वारला त्या दिवशी व्हिक्टरनं रोजच्यासारखं जेवणाचं टेबल मांडलं, त्यात त्या माणसाचंही ताट मांडलं. बाई रडायला लागली. व्हिक्टरनं ते ताट उचलून ठेवलं आणि परत कधी मांडलं नाही. पिनेल साहेबांचा मंद मुलगा हा! या बाईनं अहवाल लिहिला नाही म्हणून तिचं नाव आमच्या अभ्यासक्रमात नाही, इतारचं आहे.

हां, इतारचं एक ऋण मात्र आपल्या सगळ्यांवर आहे. त्याची पद्धत सेगां नावाच्या शिष्यानं पुढं नेली, आणि या दोघांची पुस्तकं मारिया मॉन्टेसरीनं स्वतः हातानं उतरवून काढून अभ्यासली. त्यातून तिची साधनं आली, खाचेत बसणारे आकार, हात फिरवायची खरखरीत अक्षरं. १९३९ ला ती मद्रासला आली, आणि तिच्या विचारावर आपल्याकडं ताराबाई मोडकांनी बालवाडीचं केवढं काम उभं केलं. तुमच्या गावच्या अंगणवाडीत पोरगं लाकडी त्रिकोण खाचेत बसवत असेल तर त्याची वाट दोनशे वर्षांमागं त्या जंगली पोरापर्यंत जाते.

आता कामाचं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, शाळेत एकदा. तुमच्या गल्लीत एखादं लेकरू ताट पडल्यावर दचकत नसेल, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर त्या डॉक्टरला मुद्दाम दाखवा, उशिरा बोलंल म्हणून वाट बघू नका. कोयत्यावर जाणारं कुटुंब असलं तर दसऱ्याच्या आधी दाखवा, नंतर ते सापडणारच नाही. मशीन, ऑपरेशन जे काय व्हायचं ते लहानपणीच होऊ द्या. आणि ते होवो न होवो, घरातल्या सगळ्यांनी खुणा शिका. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्रानं शब्दकोश केलाय, २०१८ ला तीन हजार शब्दांचा होता, २०२१ ला दहा हजारांवर गेला, यूट्यूबवर व्हिडिओ आहेत, फुकट. खुणा केल्यानं पोरगं बोलायचं थांबतं ही भीती मनातून काढा, दोनशे वर्षं जुनी भीती आहे ती.

त्या आजीनं केलं हे. निरक्षर बाई, पण पालकसभेला आली की पोरांच्या घोळक्यात बसून खुणा शिकून जाते, आमच्या नव्या शिक्षकांपेक्षा लवकर उचलते. मुकादमाची खूण तर तिनं सगळ्या होस्टेलला दिली, आता कुणावर पैसे निघत असले की पोरं मिशीला पीळ देतात. मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर तिनं नातवाला सांगितलं की शेळी विकली, तर पठ्ठ्यानं तासभर हात चालवले, कितीला विकली, मला का नाही विचारलं, पिल्लू कुणाकडं आहे, माझी होती ती. आजी मला म्हणती, गुर्जी, आदी गप तरी बसायचं, आता लई वाद घालायलंय बगा, ह्येला जरा कमी शिकवा. मी म्हणलं ते काही माझ्या हातात नाही. पिल्लू अजून घरीच आहे असं शेवटी कबूल झालंय, ते दिवाळीपर्यंत विकायचं नाही अशी अट पोरानं घातलीय आणि आजीनं अजून होकार दिलेला नाही.